सन १३६० आणि एलएलएमचा फॉर्म

५ ऑगस्ट १९९६
एलएलएमचा फॉर्म आणला. मुदत वीस तारखेपर्यंत, संध्याकाळी पाचच्या आत. प्रवेश घेतला तर दोन वर्षं कोर्ट बंद. नाही घेतला तर तात्यासाहेबांच्या फायली वाहणं चालूच! चौथं वर्ष आहे हे. अजून मला नाव नाही, नुसती 'तात्यासाहेबांची ज्युनिअर'.

६ ऑगस्ट
आप्पा गावाहून, कन्नडहून आले. पाणीसुद्धा प्यायले नाहीत – आधी, वकील झालीस ना, मग अजून काय राहिलं शिकायचं? तात्यासाहेबांना विचारलं तर चष्म्यावरून बघत म्हणाले, मास्तरीण व्हायचंय का. एकालाही सरळ उत्तर देता येत नाही!

९ ऑगस्ट
आज नाक कापलं गेलं.

आवडाबाईवरचा दावा होता. वैजापूरकडची म्हातारी, सहा एकर वावर, दुसरं काही नाही. सासऱ्यानं ते जोहराबी नावाच्या विधवेकडून विकत घेतलेलं. खरेदीखत उर्दूत, आमचे मुन्शी मोहियोद्दीनचाचा यांनी वाचून दिलेलं. साल १३६०. निजामी पद्धतीच्या जुन्या कागदावर फसली साल असतं. ५९० मिळवायचे, इंग्रजी साल निघतं. म्हणजे १९५०. आमच्या कैफियतीत, दाव्याच्या लेखी उत्तरात, काय टाइप झालंय? १९४१! फसलीऐवजी हिजरीचा तक्ता लावला की हे येतं.

समोरच्या वकिलानं सोडलं नाही. "साहेब, जोहराबीचा नवरा वारला पोलीस ॲक्शननंतर, १९४९ ला. म्हणजे ही बाई नवरा जिवंत असताना आठ वर्षं विधवा होती. खत बनावट आहे." सगळं कोर्ट हसलं. आवडाबाईपण हसली, बिचारीला काही कळलं नव्हतं. बाहेर आल्यावर माझा हात धरला – "वकीलबाई, माझं वावर जातंय का वो?"

तात्यासाहेब उठून म्हणाले होते, चूक माझी आहे, दुरुस्तीचा अर्ज देतो. त्यांचीच आहे! प्रत्येक मसुद्यावर शेवटची लाल पेन्सिल त्यांची फिरते. मी ५९० मिळवूनच लिहिलं असणार, मला काय एवढंही येत नाही?

१३ ऑगस्ट
बाररूममध्ये माझं नाव पडलंय – विधवावाल्या मॅडम. तात्यासाहेबांना कुणी हसत नाही. आणि ते शेजारी बसून निवांत चहा पितात! एक शब्द बोलतील तर शपथ.

१६ ऑगस्ट
फॉर्म भरला. सगळा. रागानं अक्षर लई घाण आलंय.

१९ ऑगस्ट
दुरुस्ती मंजूर झाली. आवडाबाईचं वावर तूर्त वाचलं. तिनं कोर्टाच्या पायरीला हात लावून नमस्कार केला.

तात्यासाहेबांनी विचारलं, फॉर्म दिलास का. तोंडावर सांगून टाकलं – "उद्या देणार. तुमच्या चुका अंगावर घ्यायला दुसरी कुणीतरी बघा." ते नुसते बरं म्हणाले. निदान चिडायचं तरी!

२० ऑगस्ट
दुपारी तीनला पुस्तकं आणायला ऑफिसात गेले. तात्यासाहेब कोर्टात होते. आवडाबाईच्या फायलीत माझी कायद्याची वही अडकली असेल म्हणून चाचांना फाईल मागितली. देईनात. मीच ओढून घेतली.

आत मसुदा. माझं अक्षर – १९४१. त्यावर लाल पेन्सिलीची काट, बाजूला १९५०, खाली 'फसली आहे, ५९० मिळव'. म्हणजे टायपिस्टला मी दिली ती माझी आधीची, न तपासलेली प्रत.

चाचा खाली बघत म्हणाले, "साब बोले थे, बेटी को नक्को दिखाना."

फॉर्म पर्समध्येच होता. पाच वाजले तेव्हा मी तात्यासाहेबांच्या खुर्चीसमोर बसून त्यांची वाट बघत होते.