पाचवीचा पाट

रहिमतपूर,
१७ नोव्हेंबर २०२४

बनाआज्जीस, राजेश्वरीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

कुंडलला लेकीकडे करमतं का? फोन केला की "ऐकू येत न्हाई" म्हणून ठेवतेस, म्हणून हे पत्र रविराजदादाच्या हाती पाठवतेय. शिवांजली, तुझ्या आज्जीला सगळं वाचून दाखव. माझ्या लाजेचं असेल तेही गाळू नकोस.

इकडे ऊसतोड सुरू झाली. तुझ्या दारातल्या शेवग्याला शेंगा लागल्यात. परवा कोंडीबातात्यांच्या पाठीत उसण भरली, तर उपकेंद्रात येऊन म्हणाले, "गोळी नगं, लाथ दे. पायाळू हाईस तू." नर्सच्या गणवेशातच दिली. "डिग्री झाली, पन लाथ तीच हाय गं!" म्हणत गेले ताठ चालत. तुझी फार आठवण आली. तुझी कंबर धरली की तूही मला अशीच हाक मारायचीस, आणि नंतर हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवायचीस. तुझ्या पसरलेल्या पायांवर न्हाणारं बाळ, शेगडीतल्या ओव्याचा धूर. आपल्या आळीतलं एकेक पोर त्या पायांवर न्हालंय.

दीपमालावहिनीला नववा लागलाय. बाळ पायाळू आहे, डोकं वर आणि पाय खाली. डॉक्टरांनी पुढच्या सोमवारी, २५ तारखेला, साताऱ्याला ऑपरेशनसाठी बोलावलंय आणि वहिनी हलायला तयार नाही. मी सोनोग्राफी दाखवली, विनवण्या केल्या. ती म्हणते, "वन्सं, तुमी न्हाई का झालात घरातच? बनाआज्जीला आणा." माझाच जन्म माझ्यावर उलटलाय.

मी नर्सिंगला निघाले तेव्हा तू एकदाच बोलली होतीस. "तुझ्या येळंला पाय माझ्या हातात आन् डोस्कं आत आडकल्यालं. तू रडंपतूर माझा जीव थाऱ्यावर नव्हता. परत असं कुणाचं नगं, बाई." हे गावात कुणालाच माहीत नाही. वहिनीनं ते तुझ्याच तोंडून ऐकायला हवं.

हे मागायला मला तोंड नाही, म्हणून इतका वेळ शेवग्याचं लिहीत बसले.

आपल्या आळीतल्या मंगलच्या बाळाची ती पाचवी अजून डोळ्यांपुढून हलत नाही. बाळंतपण दवाखान्यात झालेलं, तरी रीतीप्रमाणे सुईणीचा पाट मांडला होता. तिची सासू सुलाबाई म्हणाली, "आता सुईण म्हंजी ह्या सिस्टरच. बसा." मी बसले. ओटीत खण-नारळ पडला, मान वर केली, तर दारात तू. हातात तेलाची वाटी. मी उठायला हवं होतं. घरातली पहिली पदवीधर, तो ताठा उठू देईना. तू वाटी उंबऱ्यावर ठेवलीस आणि आठवड्यात गाव सोडलंस.

तो खण मी अजून शिवलेला नाही.

दादाबरोबर ये. वहिनीला खरं काय ते सांग, गाडीत तिच्याशेजारी बस, तिची पाठ चोळ. बाकीचं डॉक्टर करतील. पाचवीला पाट मी मांडेन आणि हाच खण तुझ्या पदरात घालेन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. पण सोमवारच्या आत ये.

जिचे पाय या जगात सगळ्यात आधी तुझ्या हातांना लागले, ती
राजी