म्हशीशी बोलणाऱ्या दोघी

माय, मी कादंबरी लिहून राह्यलो. आधी पोटभर हसून घे. आठवीत शाळा सोडलेला तुझा पोरगा दिवसभर होसूरला फरशी बसवतो अन जेवणाच्या सुट्टीत सिमेंटच्या गोणीवर बसून मोबाइलवर अंगठ्यानं कादंबरी लिहितो. मधी हॉटेलातलं काम सोडलं, ट्रकवरची किन्नरकी, म्हणजे क्लीनरचं काम, सोडलं, वेल्डिंग तर शिकता शिकताच सोडलं. "तुझ्या पायाला भिंगरी हाय, त्याला माझा इलाज न्हाई. पण एक तरी काम पुरं करून हल," असं तू म्हणायचीस. ते एक काम हेच, असं मी मनाशी ठरवलं, अन तेबी अर्ध्यात अडकलं. एका रविवारी तर पुसूनच टाकणार होतो.

झालं असं, की खोलीवरच्या दोघांना मी सुरुवात वाचून दाखवली. एक कुंभार पिंपळगावचे मिस्त्री, वयानं मोठे, त्यांना आम्ही दादा म्हणतो. दुसरा केदारखेड्याचा, माझ्याच वयाचा, तोंडानं लई फटकळ. गोष्ट दोन दोस्तांची. दोघांनी अर्धे अर्धे पैसे घालून एक मोटारसायकल घेतली अन मंग दोघांचं वाजलं. पण त्या गाडीपर्यंत पोचायलाच मी वीस पानं घेतली. आधी गाव, मंग नदी, मंग दोघांचे आजे-पणजे. पुस्तकात लिहितात तसं लिहायचं म्हणून मी लिहिलं होतं, 'रविराज अस्ताचलाकडे प्रयाण करीत होता.' दादांनी हात वर केला. "हा रविराज कोण? ह्याचा बी गाडीत हिस्सा हाय का?" केदारखेड्याचा हसून हसून गादीवरून खाली आला. पुढं मी दोस्तांना आषाढात हुरडा खायला बसवलं होतं, तिथं तर तो उठूनच उभा राहिला. "आषाढात हुरडा? तुझ्या गावाला ज्वारीचं टाइमटेबल वेगळं हाय काय रे?" मी मोबाइल उशीखाली सारला अन तोंड फिरवून पडलो. आता हेबी गेलं, असं वाटलं.

तसं पडल्या पडल्या तू दिसलीस. सोयाबीनची खुरपणी चालू आहे. बाया एका रांगेत उकिडव्या बसून पुढं सरकतायत, प्रत्येकीपुढं तिची पात, म्हणजे तिच्या वाट्याचा पट्टा. तू मुद्दाम मधली पात धरतेस, दोन्ही बाजूंना आवाज जावा म्हणून. मी त्याच साली शाळा सोडलेली, टोकाच्या पातीला असतो. अन तू खुरपं न थांबवता म्हणतेस, "त्या घरात सासू अन सून एकमेकीशी बोलत न्हवत्या. दोघी म्हशीशी बोलायच्या." बस. गाव कोणतं, नवरा काय करतो, काही न्हाई. सासू म्हणायची, "का गं म्हशी, आज भाकरी करपली का चुलीला झोप लागल्ती?" अन सून म्हणायची, "म्हशे, ज्यांना दात न्हाईत त्यांनी करपल्याची पंचाईत करू नये." अर्धी रांग सासूकडून, अर्धी सुनेकडून. बाया खऱ्याच भांडायच्या. टोकाची काकू म्हणायची, "माझ्या सासूचं कुणी सांगितलं गं तुला?"

एकदा तुझा घसा बसला अन तू मला म्हणलीस, आज तू वढ पुढं. मी जोरात आलो. सासूनं सुनेला कोंडलं, उपाशी ठेवलं, चटके दिले. बाया आपापल्या लेकीबाळींचं बोलायला लागल्या, माझ्याकडं कुणाचं ध्यानच न्हाई. तू बसक्या आवाजात म्हणलीस, "राक्षीण केलीस व्हय तिला? मंग राहिलं काय? राक्षिणीचं कुणाला काय वाटावं, लेका." अन तूच पुढं सांगितलंस, की सुनेनं तांब्याभर दूध आल्या भावाला दिलं, न विचारता. अन सासूनं तेच दूध सांजच्याला येणाऱ्या नातवासाठी झाकून ठेवलं होतं. आता कुणाकडून बोलावं तेच कुणाला कळंना.

बांध दोन हातांवर आला की तू थांबायचीस. "आगं, मंग?" "मंग परतीच्या पातीला." शेतमालकाला हाक मारायची गरजच पडत नसायची, बाया आपसूक वळून बसायच्या. अन शेवटच्या दिवशी म्हैस हरवली. दोघी वढ्याला हुडकायला निघाल्या, एक ह्या काठानं, एक त्या काठानं. सासू ओरडली, "तू बाभळीकडून ये गं, मी इकडून वळवते!" सून म्हणली, "आले, आले!" तू पुढं म्हशीचंच सांगत राहिलीस, जसं काही झालंच न्हाई. मंग काकूचं खुरपं थांबलं. "आगं बया, बोलल्या की गं दोघी!" तू नुसती गालात हसलीस.

मी उठून बसलो अन वीस पानं काढून टाकली. रविराजला पहिला हाकलला. आता पहिली ओळ अशी आहे: 'गाडी एक, मालक दोन, अन दोघांचं बोलणं बंद.' दोघं एक दिवसाआड गाडी चालवतात. एक टाकीत थेंबभर पेट्रोल ठेवून गाडी लावतो, दुसरा आरसा उलटा करून. ज्याला मी हरामखोर केलं होतं त्याला बहिणीला दवाखान्यात न्यायचं होतं, अन त्याच दिवशी गाडी जाग्यावर न्हवती. एवढं दिलं अन तो बोलायलाच लागला, मला लिहायचं कामच राहिलं न्हाई.

मागच्या रविवारी दुपारी परत वाचलं. दादांनी आधीच बजावलं, "भात होईस्तोर ऐकतो, पुढं न्हाई." भात झाला, मंग लागला, मंग करपला. केदारखेड्याचा उठला तर दादा म्हणले, "बस खाली. करपू दे." शेवटी चढावर गाडी बंद पडते. एक ढकलतोय. दुसरा मागून चालत येतो, कॅरिअरला हात लावतो अन म्हणतो, "डावीकडं घे, खड्डा हाय." केदारखेड्याचा ओरडला, "आरं, बोललं की बेणं!" माय, माझ्या अंगावर काटा आला. तिथं थांबायचं होतं. पण मी पुढं लिहिलं होतं, 'अशा रीतीने त्यांच्यातील अबोला संपुष्टात आला', अन तेबी मोठ्यानं वाचून बसलो. दादांची चप्पल बराबर माझ्या खांद्याला लागली. "आम्हाला कळलं होतं की! तू कशाला मधी कडमडला?" तिघंबी हसत करपलेला भात खाल्ला. ती ओळ तिथंच खोडली.

हे सगळं तुला कळवायची लई घाई झाली, पण तुझा नंबर कधी न्हवताच. फोन आला की तू हातातलं पीठ तसंच घेऊन शेजारी पळायचीस. आता तूच न्हाईस, तर त्या घरी फोन लावून काय म्हणू?

एक मात्र कुणाला सांगितलेलं न्हाई. खोलीत दोघांना मी सांगून ठेवलंय, अजून थोडं बाकी आहे. बाकी काही न्हाई, माय. पुरी झाली. मी रोज जेवणाच्या सुट्टीत ती उघडतो, एखादा शब्द बदलतो, अन संध्याकाळी होता तसा परत करून ठेवतो.