उलटा दांडा

जबलपूर, नोव्हेंबर १९७१, मंगळवार

मागची चाकंही वळणारी जीप आज चाचणीला काढली. मागचा ॲक्सल मीच बसवलेला. मागची चाकं पुढच्यांच्या उलट वळली तर गाडी थोडक्या जागेत फिरते. पण ती पुढच्यांसारखीच वळली, अन् गाडी खेकड्यासारखी सरकत नाल्यात गेली. स्टिअरिंगचा दांडा मी उलटा जोडला होता.

साहेबांनी ड्रायव्हर तिवारीजींना झापलं. मी काहून गप्प राहिलो? दुपारी दांडा गुपचूप फिरवला.

संध्याकाळी तिवारीजी घरी आले, कपाळाला पट्टी. परवा ते ताफ्याबरोबर सरहद्दीवर निघतात. हात जोडून म्हणाले, "भैया, आपकी मेहनत खराब कर दी. माफ करना."

तो दांडाच डोळ्यांपुढे. तरी मी म्हणालो, "चलो, होता है."

माफ केलं मी त्यांना.