दिवे कोणी घालवले?

बुधवार, ७ मे. ओकव्हिल, कॅनडा. संध्याकाळ

डोक्यातून जातच नाही. ऐन रंगात आलेल्या भाषणात दिवे कोणी घालवले?

आज दुपारी आमच्या मराठी ज्येष्ठांच्या गटात, नेहमीच्या बेसमेंटमधल्या हॉलमध्ये, मी बोललो. विषय, शहरांवर पहिले बॉम्ब कसे पडले. पहिल्या महायुद्धात लंडनवर जर्मनांची अवाढव्य झेपेलिन हवाई जहाजं आली, तेव्हा लोक लपायचं सोडून ती बघायला रस्त्यावर आले. मी म्हटलं, "मंडळी, घाबरायलासुद्धा शिकावं लागतं!" वाक्य काय जमलं होतं! जोशी मात्र पहिल्या रांगेत घोरत होते.

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. सरकारी इमर्जन्सी अलर्टची टेस्ट. आणि बेसमेंटमध्ये गुडुप अंधार! कोणीतरी ओरडलं, "पडदे ओढा!" त्या बेसमेंटला खिडकी आहे कुठे? मी टेबलाखाली शिरलो, तर तिथे आधीच जोशी.

शेवटी शुभाने, माझ्या बायकोने, उठून दिवे लावले. दुसऱ्या हातात साबुदाणा वडा.

येताना गाडीत मी चिडलोच. "दिवे घालवणारा मूर्ख कोण?"

"तुम्ही," ती म्हणाली. "फोन वाजला आणि सरळ बटणाकडे धावलात."

मी? असेन. एकाहत्तरच्या युद्धात, ठाण्याला, हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला की दिवा घालवायचं काम माझं. एरवी आई बटणाला हात लावू द्यायची नाही.

हे लिहितोय आणि शुभा खालून विचारतेय, "अहो, विमानं गेली का? जिन्यातला दिवा लावू?"