खोटं बोलून आणलेला रुमाल

आई,

तुझा तो गोल रुमाल आता माझ्या घरी आहे, आणि तो मी वहिनीशी खोटं बोलून आणला. तू जाऊन वीस वर्षं होऊन गेली, आता रागावून काय करणार आहेस म्हणा, पण हे सांगायला मला दुसरं कोणी नाही. ह्यांना सांगितलं तर हसतील, आणि दादाला सांगितलं तर तो जेवता जेवता वहिनीलाच सांगून मोकळा होईल. रुमाल कुठला ते तुला आठवत असेलच. शेवटच्या आजारपणात पलंगावर बसून विणायला घेतलेला, टीपॉयवर घालायचा, पांढऱ्या दोऱ्याचा. अर्धाच झाला होता. शेवटचा टाका सुटू नये म्हणून तू त्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवली होतीस. तू गेल्यावर तो जुन्या घरातल्या कपाटात राहिला, म्हणजे वहिनीकडे राहिला.

कोरोनाचं ते पहिलं वर्ष तू पाहिलं नाहीस, बरं झालं. सगळं जग घरात कोंडलेलं. इथे नवीन पनवेलात आमच्या सोसायटीच्या फाटकाला दोरी बांधली होती आणि भाजीचा टेम्पो आला की आम्ही तोंड बांधून, अंतर ठेवून, पिशव्या पुढे करायचो. ऑफिस बंद, माणसं मोकळी, मग प्रत्येकाच्या हाताला खाज सुटली. ह्यांनी काडेपेटीच्या काड्या चिकटवून जहाज केलं, ते अजून शोकेसमध्ये कललेलं उभं आहे. मावशीच्या सुनेने बाटल्या रंगवल्या, कोणी करवंट्यांचे दिवे केले. सगळ्यांचे फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. आणि वहिनीने क्रोशाची सुई बाहेर काढली. आधी मोबाइलची पिशवी, मग मास्कला किनार, मग गणपतीसाठी तोरण. रोज एक फोटो आणि त्याखाली रोज एकच वाक्य, मामा लिहितात, आत्या लिहिते, तुझी ती जोशीण मैत्रीणसुद्धा नातवाकडून लिहून घेते: अगदी ताईंचा हात, अगदी वहिनींचा हात, अगदी तुझ्या सासूबाईंचा हात. मी अंगठा दाखवायचे आणि फोन उपडा ठेवायचे. तुझा हात, आणि तो दुसऱ्याच्या पोरीच्या मनगटाला. मला ते सोसत नव्हतं, सरळ सांगते.

कारण मी शिकायला आले होते ना गं तुझ्याकडे. आठवी-नववीत असेन. दुपारचं आवरून तू स्वयंपाकघरात खिडकीखाली पाट घेऊन बसायचीस, तुझ्या बाजूला मी. तू सुई माझ्या उजव्या हातात देतेस, ती आपोआप डाव्यात जाते. तू परत उजव्यात देतेस. चार साखळ्या होतात, पाचवीला दोरा गुंततो, तू सोडवतेस, पुन्हा गुंततो. तिसऱ्या दिवशी तू माझ्या हातातून सुई काढून घेतलीस आणि म्हणालीस, "डावरी ती डावरीच. ऊठ, तुझ्याने नाही व्हायचं. कुकर लाव जा." रागावून नाही म्हणालीस, ते जास्त लागलं. मी कुकर लावला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं तुझी ती सुई मी हातात धरली नाही. त्या आठवड्यात मी मुद्दाम डाव्या हाताने जेवले होते आणि बाबांचा ओरडा खाल्ला होता.

मग पाच-सहा वर्षांनी वहिनी आली. चिरनेरची, घाबरलेली, वेणीला घट्ट रिबन, बोलताना 'हाय-नाय' करणारी, आणि मी तिच्या त्या बोलण्याची नक्कल करून दादाला चिडवायचे. तिला तू दोन वर्षं शिकवलंस. तीच खिडकी, तोच पाट. तिचा टाका चुकला की तू हसायचीस आणि म्हणायचीस, "असू दे, उसव, दोऱ्याला काय होतंय." हे वाक्य माझ्या वाट्याला एकदाही आलं नव्हतं. मी माहेरी आले की तुम्ही दोघी डोकं डोक्याला लावून विणीतले उभे टाके, तुमचे ते खांब, मोजत बसलेल्या असायच्या, आणि मी पाहुणीसारखी खुर्चीत चहा पीत.

तर त्या वर्षी श्रावणात वहिनीने ग्रुपवर फोटो टाकला. तुझा रुमाल, पिनेसकट. खाली लिहिलं होतं, "आईंचा अर्धा राहिलेला. आता वेळ आहे तर पूर्ण करते." पाच मिनिटांत बारा बदाम. मी विचारही केला नाही, फोनच लावला आणि म्हटलं, "वहिनी, तो राहू दे. आई मला म्हणाली होती, तो तू पुरा कर म्हणून."

मागे दादाचा टीव्ही ऐकू येत होता.

"तुमाला म्हणाल्या होत्या?" ती म्हणाली.

"हो. शेवटी शेवटी."

"बरं ताई. मग तुमचाच हाय तो. यांच्याकडे देते."

एवढं सोपं. दादाचा तळोजाचा कारखाना औषधाचा कच्चा माल करतो म्हणून चालू होता, त्याच्याकडे पास होता. दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताना वाट वाकडी करून त्याने पिशवी फाटकाच्या दोरीला टांगली. आत रुमाल, दोऱ्याच्या दोन गुंड्या, तुझी सुई आणि अळूवड्यांचा डबा. मी पिशवीवर सॅनिटायझर मारला आणि चोरी पचल्यासारखी वर आले.

चोरी पचली, पुढे काय? मला साखळीसुद्धा येत नव्हती. मोबाइलवर बायका शिकवतात ते पाहून पाहून महिनाभरात जुन्या दोऱ्यावर हात बसवला, डावा हात. मग धीर करून तुझी पिन काढली. आणि तेव्हा कळलं की तू गोल फिरायचीस ते एका दिशेने आणि मी फिरते ते बरोब्बर उलट्या दिशेने. तुझे खांब एका बाजूला किंचित कललेले, माझे दुसऱ्या बाजूला. एक फेरी झाली तेव्हा तुझ्या-माझ्या मध्ये स्पष्ट रेघ दिसायला लागली. तू जिथे थांबलीस ती जागा कोणालाही बोट ठेवून दाखवता आली असती. ह्यांनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाले, "डिझाइन आहे का हे?" मी चिडून दोरा ओढला. माझी फेरी सुटली, आणि रागात मी ओढतच राहिले. भान आलं तेव्हा तुझ्याही दोन फेऱ्या मांडीवर पडल्या होत्या, वेड्यावाकड्या, इतक्या वर्षांची वळणं धरून बसलेला दोरा. मी पुष्कळ रडले त्या दिवशी, तू गेलीस तेव्हा रडले नव्हते इतकी.

दोन दिवसांनी मी व्हिडिओ कॉल केला. दुसरं कोण होतं मला? वहिनीने सगळं ऐकून घेतलं. उसवलेला दोरा दाखवला तर म्हणाली, "असू दे ताई, दोऱ्याला काय होतंय." तुझं वाक्य, तुझ्या सुरात. मला फोन फेकावासा वाटला. मग तिने तिचा फोन डब्याला टेकवून ठेवला आणि माझ्या समोर विणायला लागली. समोरून, बरं का. ती उजव्या हाताने, मी डाव्या, आरशात बघावं तसं. तिचा हात जिकडे जाई तिकडेच माझा जाई. पंधरा मिनिटांत मला जे समजलं ते तीन दिवस तुझ्या बाजूला बसून समजलं नव्हतं. तू फक्त पाट उचलून समोर बसायला हवं होतंस, आई. एवढंच करायचं होतं. रेघेचं काय करू विचारलं तर म्हणाली, "दिसू दे की. दोन माणसांचं हाय, दोन माणसांचंच दिसणार."

दिवाळीपर्यंत रुमाल पुरा झाला. मी फोटो टाकला, खाली त्याच सगळ्यांनी लिहिलं: अगदी आईचा हात. मला वाटलं होतं की पोट भरेल. वाचून झाल्यावर मी परत पहिल्यापासून वाचलं, तरी भरलं नाही.

आता यंदाच्या भाऊबीजेला दादा-वहिनी इकडे आली होती. दादा आणि हे बाहेर बसले होते, टीपॉयवर तोच रुमाल. आत वहिनी माझ्यासाठी नारळ खवत होती. इतकी वर्षं मनात ठेवलेलं त्या दिवशी कसं कोण जाणे बाहेर आलं. मी म्हटलं, "वहिनी, आई मला रुमालाचं काही म्हणाली नव्हती. मी खोटं बोलले."

तिने खवणं थांबवलं नाही. म्हणाली, "ठाऊक हाय."

"कसं?"

"मला म्हणाल्या होत्या ना. पिन लावली त्या दिवशी. हा माझ्या डावरीचा हाय म्हणाल्या, ती मागेल तेव्हा दे. आपण होऊन देऊ नकोस, घ्यायची नाय ती."

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. मग विचारलं, "मग तू पूर्ण करायला का काढलास?"

"तुमी मागावा म्हणून. किती वर्षं वाट बघायची माणसाने?" आणि नारळाची वाटी पुढे करून म्हणाली, "साखर कुठे हाय?"

साखर दिली मी. नारळाच्या वड्या केल्या, चांगल्या झाल्या, दादाने चार खाल्ल्या. वहिनीचे आभार मी मानले नाहीत. तेव्हापासून मी तेच घोळवते आहे, आणि म्हणून हे लिहायला बसले. ती खरं बोलली की माझी लाज राखायला रचून बोलली, हे मला कधीच कळणार नाही. माझ्या खोट्याला तिने तिचं खोटं जोडलं असेल. किंवा नसेल. तुला विचारावं तर तू अशी.

माणसाला काय हवं असावं, सांग? तू माझ्यासाठी काही ठेवलं होतंस हे खरं निघावं, असंच ना? पण मला ते खरं निघायला नको आहे. वहिनीने रचलं असेल तर ती भली बाई आहे एवढंच, ते मी गिळेन. पण तू खरंच म्हणाली असशील, तर तेसुद्धा तू तिलाच म्हणालीस. मी दर रविवारी तुझ्या उशाशी बसलेली असायचे, आई. तू हळू बोलली असतीस तरी मला ऐकू आलं असतं.