उणे सातवर दिलेली गाणी

१९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. भाऊजींचा गुडघा कसा आहे? हिनं तुला आठवणीनं नमस्कार सांगितलाय.

बातमी एवढीच, की मी स्टुडिओतलं काम सोडलं. खुर्ची आता मास्तरणीकडे. माझी सहकारी, आठवतेय ना? प्रत्येक चुकीवर बोट ठेवते म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणतात.

तुझ्या गाण्यांबद्दल लिहायचंय. लिहायला बसलो की दुसरंच काहीतरी लिहून ठेवतो. हा तिसरा कागद.

गाणं तयार झालं की ते किती मोठ्यानं वाजावं हे शेवटी ठरवावं लागतं. ते माझं काम. शून्य म्हणजे छत. आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकं गाणं मोठं. पूर्वी सीडीसाठी सगळे छताला डोकं टेकवायचे. आता लोक मोबाइलवर ऐकतात, आणि तिथली बरीचशी ॲप सगळी गाणी एका पातळीला आणतात, साधारण उणे चौदाला. उणे सातचं गाणं दिलं, तर ॲप ते खाली ओढतं. आवाज कमी होतो, पण मोठं करताना जे चेपलं गेलं ते चेपलेलंच राहतं. हळुवार सूर आणि चढा सूर, दोन्ही एकाच उंचीचे.

तुझी आठही गाणी मी उणे सातवर दिली.

मास्तरीण तेव्हाच म्हणाली होती, "दादा, ताईंचा आवाज गुदमरतोय. सीडीसाठी थोडं मोठं ठेवू, मोबाइलसाठी वेगळं करू."

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो.

ते गुदमरणं मला ऐकूच येत नव्हतं. त्याआधी चार महिने मी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो होतो. त्यांनी एका बंद खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाले. मी बसून राहिलो. शेवटी विचारलं, "मशीन कधी सुरू करताय?"

"दहा मिनिटं झाली," डॉक्टर म्हणाले.

येताना भाजी आणली. हिला सांगितलं, मळ होता, काढला.

गाणी आली त्या आठवड्यात तू फोन केलास. "अरे, माझा आवाज इतका सपाट का लागतोय? दुसऱ्या कुणाच्या गाण्यानंतर माझं लागलं की दार लोटून घेतल्यासारखं वाटतं."

मी म्हणालो, "ताई, वय झालं आता. गळा थकतो."

मग म्हणालीस, "हं. तू म्हणतोस म्हणजे असेल."

पुढे भाऊजींकडून कळलं की तू शिकवण्या बंद केल्यास, गाण्याच्या वह्या बांधून माळ्यावर टाकल्यास. त्यांचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. जेवण पूर्ण केलं. त्याला दोन वर्षं झाली.

गेल्या महिन्यात एका गिटारवाल्यानं काम परत पाठवलं. वरचे सूर कानात टोचतात म्हणाला; मला ते टोचणं कळलंच नव्हतं. मग मी मास्तरणीला डॉक्टरांचा कागद दाखवला. तिनं तो वाचला, घडी घालून परत दिला आणि एवढंच विचारलं, "ताईंची मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवलीत ना?"

तीन दिवस ती खुर्चीत आणि मी मागे स्टुलावर. मोबाइलसाठी उणे चौदा, सीडीसाठी उणे अकरा. पडद्यावर काटा चढताना-उतरताना दिसत होता. बाकी मला काही फरक कळला नाही. पाचव्या गाण्यात ती थांबली आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागली.

"काय झालं? बिघडलं का?"

"नाही दादा. इथं त्या अगदी हळू गातात. आधी कळलंच नव्हतं."

मला वाटलं होतं, आपल्यालाही काहीतरी होईल. नाही झालं. मी चहा टाकायला उठलो.

सीडी सोबत पाठवतोय. ॲपवरची जुनी गाणी काढून ही घालायची की नाही, ते तू ठरव. तुझा गळा थकला नव्हता, ताई. मला माहीत होतं. माफी कुठल्या तोंडानं मागू, म्हणून मागत नाही.

फोन करू नकोस. फोनवरचं बोलणं आता मला नीट कळत नाही. वर्षभर मी तुला नुसतं हो-हो म्हणतोय. चार शब्द लिही. शिव्या असल्या तरी चालतील.

तुझा धाकटा,
ज्याचं तू ऐकायला नको होतंस