एनेइदाला उठवताना

मंगळवार, ६ ऑगस्ट

खांदा सुजलाय. माझा नाही, एनेइदाचा. आणि केलं कोणी? मीच! सकाळी तिला पलंगावरून उचललं — काखेत हात घालून, फळी उचलावी तसं. अर्धांगवायूने लुळा पडलेला उजवा हात मध्ये अडकून पिरगळला. ती किंचाळली. आजारी पडल्यापासून इतका मोठा आवाज तिच्या तोंडून निघाला नव्हता.

या नदीकाठच्या मोम्पोस गावात सगळा जन्म झुलत्या खुर्च्या बनवण्यात गेला. नदीवरून ओंडके खांद्यावर वाहून आणले. आणि स्वतःची बायको उचलता येऊ नये!

मारेल्विसला फोनवर सांगावंच लागलं. लेकच ती, लगेच सुरू झाली. "पापा, आता पुरे. मी महिनाअखेरीला येते आणि मम्मीला बारांकियाला घेऊन जाते. माझ्या घराजवळ व्यायामाचं केंद्र आहे, धरायला शिकलेली माणसं आहेत." एनेइदाने ऐकलं आणि मान हलवली. नाही. नाही म्हणजे नाही! मला टाकून ती कुठं जाणार?

गुरुवार, ८ ऑगस्ट

आरोग्य केंद्रातून योलिमा आली, व्यायाम शिकवणारी. मोटारसायकलवरून उतरायच्या आधीच बोलायला लागते. खांदा दाबून पाहिला, निखळलेला नाही म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मिस्त्री, ही बाई आहे की कपाट?"

मी पलंगावरची उशी सरळ करायला लागलो.

"तुम्ही उचलायचं नाहीच मुळी. उठायचं त्यांनी. तुम्ही फक्त पडू द्यायचं नाही."

तिने एनेइदाला पलंगाच्या कडेला आणलं. पावलं मागे ओढून जमिनीवर टेकवली. कमरेला रुंद पट्टा बांधला — धरायचं तर पट्ट्याला, हाताला कधीच नाही. आपला गुडघा तिच्या दुबळ्या गुडघ्याला लावला, म्हणजे तो मधेच दुमडणार नाही. "वाका सेन्योरा, अजून! नाक गुडघ्यांच्या पुढे! आता उठा."

एनेइदा उठली! योलिमा एवढीशी पोरगी, ना दंड ना मनगट. आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण थोडा रागही आला.

शनिवार, १० ऑगस्ट

खुर्ची ठेवायची तिच्या डाव्या, म्हणजे धडधाकट बाजूला. आज उजवीकडे ठेवली आणि योलिमाच्या शिव्या खाल्ल्या.

बुधवार, १४ ऑगस्ट

आज तोंड दाखवायला जागा राहिली नाही.

ऊन कललं, गल्लीभर लोकांनी खुर्च्या दारात काढल्या. एनेइदाने दाराकडे बोट केलं. मला भरून आलं. लग्नात तिच्यासाठी बनवलेली खुर्ची बाहेर काढली, डाव्या बाजूला ठेवली, पट्टा, गुडघा, नाक — सगळं बरोबर! ती जेमतेम कडेवर टेकली आणि खुर्ची पुढे झुकली. झुलणारच, झुलायलाच तर बनवली होती मी! सरकली ती थेट माझ्यावर. मी खाली, ती वर, दोघं उंबऱ्यात.

समोरच्या दारातून शेजारी राफा ओरडला, "अरे कुस्तोदियो, या वयात? आणि भर रस्त्यात?"

सगळी गल्ली हसली. एनेइदाही हसली, अर्ध्या तोंडाने. मीच तेवढा घाबरलो होतो. तिचं हाड मोडलं असतं तर? योलिमाला फोन लावला. "ओढू नका, हलवू नका, आलेच!" ती येईपर्यंत आम्ही तसेच. राफाने उशी आणून दिली, ती मात्र तिला. मला नाही.

नशीब, लागलं कुणालाच नाही. पण मारेल्विसच्या कानावर गेलं तर संपलंच. तिला न्यायला निमित्तच हवंय.

गुरुवार, १५ ऑगस्ट

दिवसभर पाचरी तासल्या. खुर्चीच्या खालच्या कमानींना पुढून आणि मागून. खुर्ची दगडासारखी घट्ट बसली. एनेइदाला वळवलं, पोटऱ्यांना खुर्ची लागली, तिने डावा हात दांडीवर ठेवला आणि सावकाश बसली. मागपर्यंत! मी शर्टाने घाम पुसला.

तिने पाठ मागे रेटली, खुर्ची हललीच नाही. मग म्हणाली, "ही... भिंत आहे का... म्हाताऱ्या?"

घ्या! पाचरी काढल्या. ती डाव्या पायाने जमीन ढकलत झुलू लागली. उठायच्या वेळी पाचरी परत लावायच्या. एवढं सोपं होतं, आणि मला सुचायला आपटावं लागलं.

शनिवार, २४ ऑगस्ट

रोज दारात. येणारा-जाणारा हाक मारतो, ती डावा हात हलवते. माझ्याकडे कुणी बघतसुद्धा नाही.

रविवार, १ सप्टेंबर

मारेल्विस गाडी घेऊन आली. चेहरा कोर्टातल्या न्यायाधीशासारखा. मी म्हटलं, "आधी बघ, मग बोल." पलंगावरून उठणं, वळणं, बसणं, सगळं दाखवलं.

पोरगी भिंतीला टेकून रडायला लागली. "राहू दे पापा. मम्मीला इथंच राहू दे."

जिंकलो! नदीचा मासा तळला, युकाचे कंद उकडले, आणि मी दोनदा वाढून घेतलं. एनेइदाने मात्र ताटातला मासा नुसता चिवडला. दमली असेल.

सोमवार, २ सप्टेंबर

सकाळी एनेइदाने पिशवी मागितली. "जाते. बारांकिया."

मी म्हटलं, "अगं, आता राहू दे म्हणाली ना ती! आणि इतके दिवस तूच तर नाही म्हणत होतीस!"

शब्द जुळवायला तिला वेळ लागला. "गल्लीसमोर... उचलून... नव्हतं जायचं. आता उठते ना मी. तिथं... चालायला शिकवतील."

मला वाटत होतं, ती माझ्यासाठी 'नाही' म्हणतेय.

गाडी दारात लागली. गल्ली बघत होती. ती वाकली, उठली, वळली, सीटवर बसली. मी तिच्या कमरेचा पट्टा धरूनच उभा.

"बसले मी. सोड, म्हाताऱ्या."

सोडला.